महासाथीत त्वचेचा कर्करोग: काय थांबवता येतं, काय थांबवू नये

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कोविडसारखी महासाथ आली की त्वचेच्या कर्करोगाचं निदान आणि उपचार यांवर काय परिणाम होतो, उशीर किती महाग पडतो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर रुग्णाने आणि दवाखान्याने काय करावं?

उत्तराला हात घालण्याआधी ‘उशीर’ दोन तुकड्यांत मोडायला हवा. पहिला तुकडा डाग किंवा गाठ लक्षात आल्यापासून तिचा नमुना पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचेपर्यंतचा. दुसरा, रिपोर्ट हातात आल्यापासून शस्त्रक्रिया किंवा औषध सुरू होईपर्यंतचा. दुसऱ्या तुकड्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, कारण त्याची नोंद होते, तारखा असतात, रुग्ण फोन करून विचारतो. पहिल्याची नोंद कुठेच नसते. महासाथीत खरं नुकसान या पहिल्या तुकड्यात होतं. त्यामुळे साधनं कमी पडली तर काय कापायचं याचा क्रम लावताना पहिली नजर आणि बायॉप्सी या दोन गोष्टी सगळ्यात शेवटी कापाव्यात. प्रत्यक्षात २०२०मध्ये बहुतेक ठिकाणी नेमक्या त्याच आधी बंद झाल्या.

आकडे हेच दाखवतात. नॅशनल कॅन्सर ग्रिड या भारतातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९च्या त्याच महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली, किरकोळ शस्त्रक्रिया ५२ टक्क्यांनी, पॅथॉलॉजी तपासण्या ३८ टक्क्यांनी. किरणोपचार घेणारे मात्र २३ टक्क्यांनीच कमी झाले. हे आकडे सगळ्या कर्करोगांचे आहेत, फक्त त्वचेचे नाहीत. पण कल स्पष्ट आहे. जे आधीच रुग्णालयाच्या यादीत होते त्यांना बऱ्याच अंशी सांभाळलं गेलं, जे अजून दारातून आत आलेच नव्हते ते बाहेर राहिले. आणि त्वचेच्या गाठीची बायॉप्सी ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ याच सदरात मोडते.

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीत २०२०च्या फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळ्याच कर्करोगांची नवी निदानं घटली, पण सर्वांत मोठी घट त्वचेच्या कर्करोगात होती. इंग्लंडच्या उत्तर भागात पहिल्या टाळेबंदीच्या तीन महिन्यांत त्वचेच्या कर्करोगाची निदानं सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाली. कारणं अवघड नाहीत. हा आजार बहुधा दुखत नाही. रुग्ण वयस्कर असतो, म्हणजे ज्यांना घराबाहेर पडू नका असं सर्वांत जोरात सांगितलं जात होतं तोच गट. त्वचारोग विभाग ‘तातडीचा नाही’ असं गृहीत धरून तिथले डॉक्टर कोविड वॉर्डात पाठवले गेले. शिवाय मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचा, मोठा वाटा दुसऱ्याच कशासाठी आलेल्या रुग्णाला तपासताना सापडतो. पाठ तपासायला शर्ट काढला आणि खांद्यामागे वेगळाच डाग दिसला, असा. फोनवरच्या सल्ल्यात शर्ट निघत नाही.

उशीर किती महाग?

मेलानोमाचं भवितव्य सर्वांत जास्त ठरतं ते ब्रेस्लो जाडीवरून, म्हणजे बाह्यत्वचेच्या कणिका थरापासून गाठीच्या सर्वांत खोल पेशीपर्यंतचं अंतर. ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि व्रण नसलेला, म्हणजे वरची कातडी न फुटलेला, तो टी१ए (टी ही जाडीची पायरी). १ मिमीपर्यंत टी१, २ पर्यंत टी२, ४ पर्यंत टी३, त्यापुढे टी४. सध्याच्या वर्गीकरणानुसार पातळ, न पसरलेल्या मेलानोमात पाच वर्षांनी ९९ टक्के रुग्ण त्या आजारापासून वाचलेले असतात. चार मिमीपेक्षा जाड आणि व्रण पडलेला असेल, तर लसिकाग्रंथींपर्यंत (मान, काख, जांघ इथल्या लिम्फ नोड्सपर्यंत) पसरलेला नसतानाही हा आकडा ८२ वर येतो. लसिकाग्रंथींचा आजार सर्वांत पुढच्या टप्प्यात गेला तर ३२.

आता वाढीचा वेग. ऑस्ट्रेलियातल्या २००६च्या एका अभ्यासात वरवर पसरणारा मेलानोमा महिन्याला साधारण ०.१२ मिमी, तर गाठीच्या स्वरूपाचा, म्हणजे नोड्युलर, महिन्याला ०.४९ मिमी जाड होत असल्याचं दिसलं. हे मध्यक आहेत. प्रत्येक गाठ तसंच वागेल असं नाही. तीन महिन्यांचं गणित मांडा. ०.६ मिमीचा पसरणारा मेलानोमा ०.९६ वर जातो: टी१एचा टी१बी झाला, सेंटिनेल नोड, म्हणजे गाठीकडून येणारी लसिका जिथे सर्वांत आधी पोचते ती ग्रंथी, काढून तपासण्याची चर्चा सुरू झाली, पण बहुतेक रुग्ण अजूनही सुरक्षित अंतरावर आहेत. १.२ मिमीचा नोड्युलर मात्र २.७ च्या आसपास पोचतो. टी२चा टी३ झाला, आणि मधल्या काळात व्रण पडला तर आणखी एक पायरी. दोघांनाही ‘तीन महिन्यांनी या’ असंच सांगितलं गेलं असेल, तर एकाचं थोडं बिघडलं आणि दुसऱ्याचं बरंच.

इथे एक सावधगिरी. रोममधल्या एका त्वचारोग संस्थेत टाळेबंदीआधी मेलानोमाची सरासरी जाडी एक मिमीच्या आत होती आणि टाळेबंदी उठल्यावर ती दोन मिमीच्या जवळ गेली. असे आकडे वाचून सगळ्या गाठी दोन महिन्यांत दुपटीने वाढल्या असा अर्थ काढू नये. पातळ डागाचा माणूस घरीच थांबतो, रक्त येणाऱ्या गाठीचा माणूस दार उघडल्याबरोबर येतो. सरासरी वाढते ती काही अंशी जीवशास्त्रामुळे आणि काही अंशी आधी कोण आलं यामुळे. पातळवाले नंतर येतात, आणि तोवर तेही पूर्वीइतके पातळ राहिलेले नसतात.

कोण थांबू शकतं?

बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशींचा कर्करोग, बहुतेकदा थांबू शकतो. वाढ महिन्या-वर्षांत मोजली जाते आणि तो दूर पसरणं अत्यंत दुर्मिळ. धड किंवा हातपायांवरच्या लहान गाठी तीन ते सहा महिने पुढे ढकलण्याचं धोरण ब्रिटनमध्ये घेतलं गेलं आणि ते योग्य होतं. अपवाद लक्षात ठेवावेत: डोळ्याचा आतला कोपरा, पापणी, नाकाची पाळी, कानाच्या भोकाजवळची जागा, ओठ, रिपोर्टमध्ये ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ किंवा ‘मॉर्फिइक’ असा शब्द असलेली गाठ, एकदा काढून परत आलेली, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण. डोळ्याच्या कोपऱ्यातला ५ मिमीचा बेसल सेल आणि पाठीवरचा ५ मिमीचा बेसल सेल यांची रांग एक असू शकत नाही.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमात, म्हणजे बाह्यत्वचेच्या वरच्या सपाट पेशींच्या कर्करोगात, थांबण्याची मुदत आठवड्यांत मोजावी. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, ओठावर, कानावर किंवा जुन्या व्रणात उगवलेली, दुखणारी, किंवा जिच्या आसपास मुंग्या-बधिरता आहे अशी गाठ अजिबात थांबवू नये. शेवटचं लक्षण मज्जातंतूत शिरकाव झाल्याचं असू शकतं. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांत हा कर्करोग कितीतरी पटींनी जास्त होतो आणि जास्त आक्रमक असतो. महासाथीत संसर्गाच्या भीतीने सर्वांत घट्ट दार लावून बसलेलाही हाच गट. त्यांना वेगळी वेळ, सकाळची पहिली, रिकाम्या ओपीडीत द्यावी, पण द्यावी. मर्केल सेल कार्सिनोमा दुर्मिळ, पण वेग भयानक. लालसर-जांभळी, न दुखणारी, आठवड्या-आठवड्याला वाढणारी टणक गाठ असेल तर चर्चा नको, त्याच आठवड्यात नमुना.

मेलानोमात, निदान पक्कं झालेलं असेल आणि बायॉप्सीत दिसणारी गाठ पूर्ण निघालेली असेल, तर इन सिटू (बाह्यत्वचेपुरताच असलेल्या) किंवा अगदी पातळ मेलानोमाची पुढची रुंद कापणी, म्हणजे जागेभोवतीची निरोगी कातडीही काढणं, तीन महिन्यांपर्यंत लांबवता येईल असं अमेरिकेतल्या नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्कने २०२०मध्ये सांगितलं. यातली अट नीट वाचावी. सवलत कापणीला आहे, बायॉप्सीला नाही. ही अट गाळून ‘मेलानोमा तीन महिने थांबतो’ एवढंच वाक्य फिरलं, आणि संशयित डागांनाही तेच लावलं गेलं.

आपल्याकडे गाठ कुठे लपते

भारतात त्वचेचा कर्करोग एकूण कर्करोगांच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे सामान्य डॉक्टरच्या डोक्यात तो पहिला येत नाही. शिवाय गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली यादी इथे पुरत नाही. उन्हात भाजलेल्या पाठीवरच्या तिळापेक्षा आपल्याकडचा मेलानोमा तळपाय, टाच, तळहात आणि नखाखाली जास्त सापडतो, आणि तिथे त्याला कुरूप, भोवरी, चामखीळ, मोडलेला काटा, नखाची बुरशी किंवा मधुमेहाची जखम अशी नावं मिळतात. फोनवरच्या सल्ल्यात ही नावं आणखी पक्की होतात: रुग्ण सांगतो ‘नख काळं पडलंय’, बुरशीचं औषध तीन महिने दिलं जातं, आणि कोणी पाय बघितलेलाच नसतो.

तळपायासाठी लक्षात ठेवायच्या गोष्टी पाच: रंग आसपासच्या कातडीपेक्षा वेगळा, निदान अनिश्चित, रक्त किंवा पाणी येणं, उपचार करूनही वाढणं, दोन महिन्यांत न भरणं. यांतल्या दोन जुळल्या तर पाय प्रत्यक्ष बघितलाच पाहिजे. नखात, एकाच बोटाच्या नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, ३ मिमी किंवा जास्त रुंद काळी-तपकिरी पट्टी, ती रुंदावत जाणं, आणि रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरणं हे धोक्याचं. आपल्याकडे दहाही नखांवर फिकट पट्ट्या असणं सर्रास आढळतं, त्याने घाबरू नये. एकच पट्टी आणि ती बदलतेय, हा फरक. मेलानोमा काळाच असतो असंही नाही. तळव्यावर लाल, मांसल, पटकन रक्त येणारा फुगवटा बिनरंगाचा मेलानोमा असू शकतो, आणि मधुमेही माणसाच्या पायावर असेल तर तो ‘जखमेचं वाढलेलं मांस’ म्हणून महिनोन्‌महिने ड्रेसिंगखाली राहतो.

दुसरी जागा जुन्या भाजल्याच्या व्रणाची. लहानपणी स्टोव्हने भाजलेलं, आता पन्नाशीत तिथे भरत नाही असं उघडं पडलंय, कडा उचललेल्या आहेत, वास येतोय: हा मार्जोलिन व्रण, म्हणजे बहुधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. इथे मधल्या सडलेल्या भागाचा तुकडा घेतला तर रिपोर्टमध्ये नुसता दाह येतो. उचललेल्या कडेवरून, दोन-तीन ठिकाणांहून, खोल तुकडे घ्यावेत. तिसरी जागा कमरेची. धोतर किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच ओळीत काचून तिथे कातडी जाड, काळी, सालपट निघणारी होते आणि क्वचित तिथे कर्करोग उगवतो. टाटा मेमोरियलच्या व्ही. आर. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५मध्ये धोतराच्या कर्करोगाचं वर्णन करून ठेवलं आहे. व्हिडिओ कॉलवर कंबर कोण दाखवणार? म्हणून विचारावं लागतं.

आणि मास्क. नाक, वरचा ओठ, खालचा ओठ हे चेहऱ्यावरच्या गाठींचे नेहमीचे पत्ते, आणि दोन वर्षं ते कापडाखाली होते. तपासताना अंतर ठेवून, खिडकी उघडी ठेवून, दहा सेकंद मास्क खाली करायला सांगायला विसरू नये.

फोटो: काय जमतं, काय नाही

२५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. त्वचारोगात याचा उपयोग इतर कुठल्याही शाखेपेक्षा जास्त, पण फोटो चांगला असेल तरच. वाईट फोटो फोटो नसण्यापेक्षा धोकादायक, कारण त्यावर कोणीतरी ‘काही नाही’ असं लिहून टाकतं.

रुग्णाला सांगायचं ते असं. मेंदी, आलता, हळद, नेलपॉलिश, लावलेला लेप आधी पूर्ण काढा. दिवसा खिडकीजवळ बसा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद. फोनचा मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नाही, आणि चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद करा. तीन फोटो: एक लांबून, डाग शरीरावर नेमका कुठे आहे ते कळेल असा, दुसरा सुमारे ३० सेंटिमीटरवरून, शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवून, तिसरा जवळून. जवळून म्हणजे फोन अंगाला चिकटवून नाही, तसं केलं की फोकस जातो. १५–२० सेंटिमीटरवर धरून दुप्पट झूम करा आणि डागावर बोट टेकवून फोकस बसू द्या. डाग उंच असेल तर चौथा फोटो बाजूने, सावली पडेल असा. पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन बारकावे जातात. सोबत डावा की उजवा, केव्हापासून, काय बदललं, आणि आधी जाळलं किंवा कापलं होतं का, एवढं लिहा.

दवाखान्यात डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं प्रकाशाचं भिंग, असेल आणि एखादी प्रशिक्षित परिचारिका फोनला तो जोडून फोटो काढू शकत असेल तर फरक मोठा पडतो. संसर्गाच्या काळात न टेकवता बघता येणारा ध्रुवीकृत प्रकाशाचा डर्मोस्कोप सोयीचा. टेकवावाच लागला तर काचेवर पारदर्शक चिकटफीत किंवा फिल्म लावून ती दर रुग्णाला बदलावी, आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. काच आणि कातडी यांच्यामधला द्रव म्हणून सॅनिटायझरचं जेल छान चालतं. तळपायावर रंग कातडीच्या उंचवट्यांवरून धावतोय की खोबणीतून हे बघायचं: उंचवट्यांवरून असेल तर मेलानोमाचा संशय, खोबणीतून असेल तर बहुधा साधा तीळ.

फोटोला हात लावून बघता येत नाही. टणकपणा, जांघेतली किंवा काखेतली गाठ, केसांखालची टाळू, आणि ज्याबद्दल रुग्णाने विचारलंच नाही तो दुसरा डाग हे सगळं सुटतं. माझं मत स्पष्ट आहे: फोटोवरून ‘या’ म्हणणं सोपं असावं आणि ‘येऊ नका’ म्हणणं अवघड. निर्धास्त म्हणायचं तर ते डर्मोस्कोपीत ओळखीचं चित्र असलेल्या गोष्टींनाच, म्हणजे सेबोरिक केराटोसिस (वयाबरोबर येणारा निरुपद्रवी खरखरीत उंचवटा), रक्तवाहिन्यांचा लाल ठिपका वगैरे. सपाट, शंकास्पद नसलेला डाग सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रकाशात परत फोटो काढून ताडून बघता येतो. उंच, टणक आणि महिन्याभरात वाढलेली गाठ ‘लक्ष ठेवू’ या यादीत कधीच टाकू नये. नोड्युलर मेलानोमाला आकार, कडा, रंग यांचे नेहमीचे निकष बरेचदा लागू पडत नाहीत. तो गोल, सारख्या रंगाचा, नीटस दिसू शकतो. ज्याला फोटोवर सोडलं त्याची तारीख दवाखान्याच्या वहीत हवी, ‘वाढलं तर कळवा’ एवढ्यावर नाही.

बायॉप्सीत काय बिघडतं

महासाथीतली सर्वांत महागडी चूक म्हणजे नमुना न पाठवता जाळणं. रुग्णाला परत बोलवायला नको, प्रयोगशाळा बंद, म्हणून ‘चामखीळच आहे’ म्हणत इलेक्ट्रोकॉटरी लावून मोकळं व्हायचं. मेलानोमा निघाला तर ब्रेस्लो जाडी कायमची हरवली, आणि पुढचे सगळे निर्णय अंदाजावर. खात्रीची चामखीळ नसेल तर कातडीचा तुकडा बाटलीत गेल्याशिवाय विजेचं टोक लावायचं नाही.

मेलानोमाचा संशय असेल तर पूर्ण डाग, १ ते ३ मिमी कातडी बाजूने घेऊन, खालच्या चरबीपर्यंत, लंबगोल काढावा. हातापायांवर लंबगोलाची लांबी अवयवाच्या लांबीच्या दिशेने ठेवावी, म्हणजे पुढची रुंद कापणी आणि सेंटिनेल नोडचं काम बिघडत नाही. वरवर तासून घेतलेल्या तुकड्यात तळ कापला जातो आणि जाडी ‘निदान इतकी तरी’ अशीच कळते. तळपायावर किंवा मोठ्या डागात पूर्ण काढणं शक्य नसेल तर सर्वांत जाड आणि सर्वांत गडद भागातून ४ मिमीचा किंवा मोठा पंच, म्हणजे गोल पात्याने घेतलेला तुकडा. नखाच्या पट्टीत तुकडा नखाच्या मुळातल्या मॅट्रिक्समधून लागतो. नुसतं नख कापून पाठवून निदान होत नाही.

भुलीसाठी लिग्नोकेन अॅड्रेनालिनसह, कमाल ७ मिलिग्रॅम प्रति किलो; अॅड्रेनालिनशिवाय ४.५. नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दसपट द्रवात. कुरिअर बंद असताना बाटल्या आठवडाभर पडून राहतात. साध्या रंगवलेल्या काचेवर त्याने फारसं अडत नाही, पण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या उतींचा डीएनए तुटतो आणि बीआरएएफसारखी, म्हणजे औषध निवडण्यासाठी गाठीच्या जनुकातला बदल शोधणारी, तपासणी दगा देऊ शकते. उशीर होणारच असेल तर स्थानिक पॅथॉलॉजिस्टकडून मेणाचा ठोकळा करून घेऊन तो पाठवावा, ठोकळा टिकतो.

बायॉप्सीच्या आधी जागेचा फोटो काढणं एरवी शिस्तीचा भाग, महासाथीत अत्यावश्यक. कापणी तीन महिने पुढे गेली की चेहऱ्यावरच्या लहान बेसल सेलचा व्रण इतका छान भरतो की नेमकी जागा रुग्णालाही दाखवता येत नाही. दोन पक्क्या खुणांपासून, समजा डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाची पाळी, मिलिमीटरमध्ये अंतर मोजून लिहावं. फोटो रुग्णाच्या फोनवरही द्यावा. फायली हरवतात.

शस्त्रक्रिया

धोरण असं: शक्य ते सगळं स्थानिक भुलीखाली, एका बैठकीत, पुन्हा यायला लागू नये अशा पद्धतीने. कापणीची कड नेहमीचीच ठेवावी. गर्दी टाळायची म्हणून ती कमी करू नये. कमी जोखमीच्या बेसल सेलला ४ मिमी, स्क्वॅमसला ४ ते ६, मेलानोमाला इन सिटू असेल तर अर्धा ते एक सेंटिमीटर, १ मिमीपर्यंत जाडीला १ सेंटिमीटर, १ ते २ मिमीला १ ते २, आणि त्याहून जाडीला २. टाके विरघळणारे वापरले की काढण्यासाठीची फेरी वाचते. कानामागे, कपाळावर, नाकाच्या बाजूच्या खळग्यात जखम उघडी ठेवून आपोआप भरू दिली तरी निकाल चांगला येतो. कडेचा रिपोर्ट येण्याआधी फ्लॅप, म्हणजे जखम झाकायला शेजारची कातडी, फिरवू नये. कडेत कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर फिरवलेल्या कातडीत गाठ शोधणं फार कठीण.

नाक-ओठावरच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचा मास्क काढावा लागतो, म्हणून शल्यविशारदाने एन९५ आणि चष्मा किंवा शील्ड घालावं. धूर ओढणारं यंत्र जखमेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरावं आणि शक्य तिथे बायपोलर कॉटरी वापरावी. धूर कमी होतो.

सेंटिनेल नोडचा एक सापळा आहे. ऑपरेशन थिएटर किंवा न्यूक्लिअर मेडिसिन बंद म्हणून रुंद कापणी आधी करून टाकायची आणि नोड ‘नंतर बघू’ असं ठरवलं जातं. रुंद कापणीने लसिकेचे मार्ग बदलतात आणि नंतर सापडलेला नोड खरा पहिला असेलच याची खात्री राहत नाही. दोन्ही एकत्र थांबवणं बरं, फक्त एक उरकणं नाही.

वरवरचा बेसल सेल आणि बोवेनचा आजार (बाह्यत्वचेपुरताच असलेला स्क्वॅमस) यांत घरच्या घरी लावायचे मलम चालते: पहिल्यात इमिक्विमॉड ५ टक्के, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, दुसऱ्यात फ्लुरोयुरॅसिल ५ टक्के, दिवसातून दोनदा, तीन ते चार आठवडे. तिसऱ्या आठवड्यात जागा लाल, खपलीदार, ओली होणारच. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण नेमकं तेव्हाच मलम सोडतो. निदान आधी तुकड्याने झालेलं हवं.

औषधं आणि लस

पुढच्या टप्प्यातल्या मेलानोमात रुग्णालयाच्या फेऱ्या कमी करायला सर्वांत उपयोगी पडला तो मात्रांमधला बदल. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारं, औषध तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅमऐवजी सहा आठवड्यांनी ४०० देण्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २८ एप्रिल २०२० रोजी मान्यता दिली. त्याच गटातलं निव्होलुमॅब चार आठवड्यांनी ४८० आधीपासून होतंच. इपिलिमुमॅब जोडलं की निम्म्याहून जास्त रुग्णांत तीव्र दुष्परिणाम होतात आणि खाटा लागतात, त्यामुळे खाटा नसताना ते विचारपूर्वकच. बीआरएएफ बदल असलेल्यांना द्यायच्या डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबच्या गोळ्या घरी घेता येतात, पण सुमारे निम्म्यांना ताप येतो. कोविडच्या लाटेत प्रत्येक ताप अलगीकरणात संपतो. ताप ३८ अंशांवर गेला की दोन्ही गोळ्या थांबवून कोविड चाचणी करावी, चोवीस तास ताप नसेल तर त्याच मात्रेने परत सुरू. इम्युनोथेरपीने होणारा फुप्फुसाचा दाह सीटीवर कोविडसारखाच धुरकट दिसतो. एकाच चित्रावरून स्टेरॉइडचा निर्णय घेऊ नये.

लसीमुळे टोचलेल्या बाजूच्या काखेतल्या गाठी सुजतात आणि पेट-सीटीवर चमकतात. उजव्या हातावर किंवा पाठीच्या उजव्या भागात मेलानोमा होऊन गेलेल्याने डाव्या दंडावर लस घ्यावी. तळपायाचा असेल तर कुठलाही दंड चालेल, कारण तिथली गाठ जांघेत शोधायची असते. स्कॅन तातडीचा नसेल तर लसीनंतर चार ते सहा आठवड्यांनी, आणि स्कॅनच्या कागदावर लसीची तारीख आणि बाजू लिहावी.

दारं उघडल्यावर

मुंबईची लोकल १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांत, सर्वांसाठी सुरू झाली. विदर्भ-मराठवाड्यातून परळच्या टाटा मेमोरियलला येणाऱ्यांचं अंतर तर वेगळंच. अशा काळानंतर ओपीडी उघडली की रांग तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो: ज्याची वेळ आधी रद्द झाली तो आधी. हे न्याय्य वाटतं, पण त्यात मार्चमधला फिकट तीळ जूनमधल्या रक्त येणाऱ्या गाठीच्या पुढे जातो. रांग लक्षणांप्रमाणे लावावी: वाढणारी, टणक, रक्त येणारी, तळपाय-नख, ओठ-कान, जुना व्रण, प्रत्यारोपण झालेला रुग्ण यांना पहिल्या आठवड्यात.

त्याहीआधी पॅथॉलॉजीची वही उघडावी, ओपीडीची नाही. आपल्याकडे रिपोर्ट बहुधा रुग्णालाच जाऊन आणावा लागतो. टाळेबंदीच्या तोंडावर बायॉप्सी झालेल्या काहींचे कर्करोगाचे रिपोर्ट तयार होऊन कपाटात पडून राहतात, रुग्ण गावी अडकलेला असतो आणि ‘फोन आला नाही म्हणजे ठीक असेल’ असं समजून बसलेला. बंदच्या दोन आठवडे आधीपासूनचे त्वचेचे सगळे नमुने काढावेत, घातक रिपोर्टांना फोन करावा, आणि नंबर लागत नसेल तर घरातल्या दुसऱ्याचा नंबर किंवा गावच्या आशाताईंमार्फत निरोप. दरवेळी दोन नंबर लिहून घेण्याची सवय इथे कामी येते.

उशिरा आलेल्या मेलानोमाच्या रुग्णात जुन्या रिपोर्टवर सरळ कापणीची तारीख देऊ नये. व्रणाभोवती नवा रंग किंवा गाठ आहे का, व्रण आणि लसिकाग्रंथी यांच्या वाटेवर कातडीखाली काही लागतंय का, हे बोटांनी चाचपावं. जांघ, काख, मान नीट बघावी. शंका असेल तर अल्ट्रासाउंड आणि सुईने नमुना. लसिकाग्रंथीत आजार सापडला तर सेंटिनेल नोडचा प्रश्नच उरत नाही, योजना बदलते. काही सापडलं नाही तर तीन महिने उलटून गेले असले तरी कापणी आणि सेंटिनेल नोड दोन्ही एकाच वेळी करावं.